बरोबरीचं भरीत

पारोळ्याजवळच्या त्या गावात परदेशी मदतसंस्थेचे पीटरसाहेब दर हिवाळ्यात यायचे, आणि दर हिवाळ्यात बचत गटाच्या बाया त्यांच्यासाठी भरिताचं वेगळं पातेलं ठेवायच्या, बिनमिरचीचं. साहेबांना वाटायचं, अख्खा खानदेश हेच खातो. त्यांचं बोलणं मराठीत सांगणाऱ्या शिल्पानं हा समज कधी मोडला नाही. देणाऱ्याच्या जिभेला चटका लावायचा नसतो, एवढं नोकरीनं तिला शिकवलं होतं.

यंदा साहेब जेवणाआधी उभे राहिले. "आमच्याकडचा निधी आटलाय. पैसे थांबतील. पण घाबरू नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. आजपासून आपण बरोबरीचे भागीदार."

शिल्पानं घसा खाकरून शब्दन्‌शब्द सांगितला. गटाच्या अध्यक्ष द्रौपदाबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

"म्हणजे आते ह्या साहेब नही?"

"नाही अक्का. आता भागीदार."

"मंग ते फिकं पातेलं उचला वं," द्रौपदाबाई बायांकडे वळल्या. "बठ्ठासले, त्याले बी, एकच भरीत वाढा."

पहिल्या घासाला भागीदाराचे कान लाल झाले. दुसऱ्याला नाक वाहू लागलं. तिसऱ्याला डोळ्यांतून अशा धारा लागल्या की बाया जेवायच्या थांबल्या. द्रौपदाबाईंनी गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको भाऊ. पैसा गया ते गया. घाबरू नको, आम्ही शेतस ना तुना पाठीशी."