सोमवारचा पालक

सातवी कुंडी फुटली तेव्हा भय्यासाहेबांच्या हातातली लोखंडी सळई वाकली. दुसरा कोणी तेवढ्यावर थांबला असता. भय्यासाहेबांनी सळई फेकली आणि लाथा सुरू केल्या.

"छत माझं आहे. तुमचं जंगल वर, आणि सीलन माझ्या बेडरूममध्ये," ते ओरडत होते.

माधवनगरातल्या त्या घराची वरची दीड खोली आणि पुढची सतरंजीएवढी गच्ची सुनंदा आणि श्रीधर चार वर्षं भाड्यानं वापरत होते. रंगाचे रिकामे डबे, आंब्याच्या पेट्या, फुटका माठ, लोक टाकून देतील ते सुनंदानं वर आणलं आणि त्यात मेथी, मिरच्या, पालक लावला. भाजीची देठं माठात कुजवून खत, तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. भाड्याच्या भिंतीत खिळाही ठोकता येत नाही, पण कुंडी आपली, जाऊ तिथे नेता येते, असं ती म्हणायची. खाली भिंतींना ओल होती, नाही असं नाही. पण गल्लीतल्या प्रत्येकानं महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी खोल्या उघडल्या होत्या आणि भय्यासाहेबांना ही दीड खोली हवी होती, हे खरं कारण.

श्रीधर मध्ये पडला. तो मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. हात जोडूनच पुढे झाला. भय्यासाहेबांनी खापराचा तुकडा उचलून त्याच्या कपाळावर हाणला. रक्त पालकावर सांडलं. मग कॉलर धरून त्याला फरफटत कठड्यापर्यंत नेलं आणि कमरेपासून बाहेर ओणवं केलं. खाली गल्लीतली फरशी दिसत होती. श्रीधरची एक चप्पल निसटून खाली गेली. सुनंदा भय्यासाहेबांच्या दंडाला लोंबकळली, चावलीसुद्धा.

"आठ दिवसांत खोली सोडा," त्याला आत ढकलत ते तिला म्हणाले. "नाहीतर पुढच्या वेळी कुंडी नाही, तुझा नवरा फुटेल."

कोपऱ्यात एकच कुंडी शाबूत होती, धोतऱ्याची. सोमवारी महादेवाला वाहायला सुनंदानं लावलेली. भय्यासाहेबांनी तिच्यापुढे पायातल्या चपला काढल्या, हात जोडले आणि जिना उतरून गेले. हाणामारीतही माणसाचा धर्म सुटत नाही, हेही नसे थोडके. त्या झाडाला हात लागला की सुनंदा साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची. देवाचं झाड शिवून कोणी हात धुतं का, म्हणून श्रीधर चिडवायचा. महादेवाला पचतं, आपल्याला नाही, असं ती सांगायची.

पोलिसांत जाऊ, असं सुनंदाचं म्हणणं. श्रीधर नको म्हणाला. पोलिसांत गेलेल्या भाडेकरूला गावात दुसरी खोली कोण देणार? टावर चौकातल्या डॉक्टरांकडे टाके घालून घेतो, तसाच नानाखेड्याकडे जाऊन खोल्या बघतो, असं सांगून तो निघाला. चहासुद्धा न घेता, कपाळाला टॉवेल दाबून.

ती मातीत बसून रडली. त्याला पुन्हा त्या कठड्यावर ओणवलं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग उठली. भाडेकरूला रागही भाड्यानंच मिळतो. फार दिवस ठेवता येत नाही.

सोमवार होता. दर सोमवारी खालच्या उषाकाकूंना, म्हणजे भय्यासाहेबांच्या बायकोला, ती डबाभर पालेभाजी द्यायची. संधिवातानं काकूंची बोटं वाकडी झालेली, म्हणून निवडून, चिरून. काकूंचा सोमवारचा उपास. भाजी एकट्या भय्यासाहेबांपुरती. डबा मात्र काकूंनी कधी रिकामा पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर शेव नाहीतर गुळाचा खडा घालूनच परत यायचा.

सुनंदानं मातीतला पालक वेचला, तीन पाण्यांत धुतला. अर्धाच डबा झाला. कमी दिसू नये म्हणून तिनं आणखी पानं खुडली, सगळं बारीक चिरून एकत्र केलं आणि दुपार कलताना स्वतः खाली नेऊन दिलं.

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "एवढं झालं, तरी आणलंस?"

"सोमवार चुकवायचा नाही, काकू. त्यांना पोटभर करून घाला."

वर येऊन तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग खालच्या आवाजांकडे कान देऊन बसून राहिली. पोळपाट वाजला, तव्याचा वास वर आला. भय्यासाहेब खोकले. तिचाही उपासच होता. दिवेलागणीला श्रीधरपुरता भात टाकायला ती उठली, एवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

श्रीधर आला. कपाळाला पट्टी, हातात तिचाच डबा, आणि चेहरा उजळलेला.

"खोली नाही सोडायची, सुनंदा. भय्यासाहेबांनी जिन्यातच धरलं. मला वाटलं, पुन्हा मारतात. तर माणूस रडायलाच लागला. तुझा डबा बघून दुपारपासून मान खाली घालून बसले होते म्हणे. कुंड्या स्वतः आणून देतो म्हणाले."

"ते जेवले?"

"कुठले! म्हणाले, मी तुझ्यावर हात उचलला, आता तू माझ्या पाटावर जेवल्याशिवाय मला अन्न नाही. काकूंनी सगळ्या पालकाचे पराठे केले. मी सकाळपासून उपाशी, पाच खाल्ले. जरा कडवट होते, पण नको कसं म्हणायचं? ते स्वतः काकूंबरोबर उपासाची खिचडी घेऊन बसलेत, प्रायश्चित्त म्हणून. उरलेला एक पराठा डब्यात घातलाय. काकू रिकामा कुठे देतात?"

सुनंदानं दाराबाहेर पाहिलं. कोपऱ्यातल्या धोतऱ्याला एकही पान नव्हतं, नुसत्या दांड्या उभ्या होत्या.

"पाणी दे गं जरा," श्रीधर खाटेवर टेकत म्हणाला. "जिन्यापासून घशाला सारखी कोरड पडतेय. आणि हा दिवा आज एवढा का डोळ्यांवर येतोय?"