वाजवून घेतलेले रिले

"रिलेच भिकार आहेत," मनोहर खोक्यात तोंड घालून पुटपुटला.

 खोक्याने मनोहरला नुकतंच बाराव्यांदा हरवलं होतं.

घरात त्या खोक्याला कॉम्प्युटर म्हणायचं ठरलं होतं. प्लायवूडची पेटी, वर टॉर्चचे एकवीस बल्ब, पुढे तीन बटणं आणि पोटात टेलिफोनच्या भंगारातले नऊ रिले, म्हणजे विजेने टिक करून उघडमीट होणारे स्विच. खेळ काड्यांचा. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन दिवे विझवायचे. शेवटचा दिवा ज्याच्या वाट्याला येईल तो हरला.

हा खेळ या घरात काडेपेटीतल्या काड्यांनी वर्षानुवर्षं चालत आला होता. पहिली काडी उचलायचा मान मनोहरचा. जिंकायचाही त्याचाच. लग्नाला सतरा वर्षं झाली, बायको शकुन एकदाही जिंकली नव्हती. वरच्या क्वार्टरमधला दिगंबर मनोहरच्याच हाताखाली रेल्वेच्या सिग्नल कचेरीत होता; तो दर रविवारी येऊन हरून जाई. मुलगी वृंदा आठ वर्षांची असताना एकदा तिचा डाव भलताच रंगात आला होता. तेवढ्यात शकुनने तिला स्वयंपाकघरात हाक मारली. आत काय बोलणं झालं कोण जाणे. वृंदा परत आली आणि हरली.

"घरात तोडीचं कुणी उरलं नाही," असं मनोहरने गेल्या चैत्रात जेवताना जाहीर केलं. शकुनने त्याला आमटी वाढली. त्याने एका इंग्रजी मासिकातली आकृती समोर ठेवली आणि यंत्र करायला घेतलं.

तारा जोडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. भाग मात्र वृंदाने निवडले. कलकत्त्यात एस्प्लनेडला ट्राममधून उतरून बापलेक चांदनीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेली, तेव्हा मनोहर चकचकीत दिसेल ते उचलत सुटला. तेरा वर्षांची वृंदा भंगाराच्या टोपलीशी उकिडवी बसली. बायका नारळ घेतात तसा तिने एकेक रिले घेतला. बोटाने पट्टी दाबायची, कानाशी धरायचं. टिक स्वच्छ आली तर बाजूला, घोगरी आली तर परत टोपलीत. दुकानदार म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. कॉम्प्युटर नोकऱ्या खातो म्हणून तेव्हा शहरात मोर्चे निघत. त्याने काळजीने विचारलं, हा कुणाची नोकरी खाणार? वृंदाने बंगालीत सांगितलं, खाणार, माझी आणि आईची, पण आमची काही तक्रार नाही. मनोहर तेव्हा पलीकडे एका मीटरचा काटा हलवून बघत होता.

उद्याच्या रविवारी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंत्र मांडायचं होतं. मनोहरने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली होती: भागांची निवड, कु. वृंदा. ती पाटी वाळेपर्यंत वृंदा तिच्याजवळून हलली नव्हती.

आणि आता हे.

पहिल्या हारीला मनोहरने बॅटरीला दोष दिला. तिसऱ्या हारीला कलकत्त्याच्या दमट हवेला. सातव्यांदा हरल्यावर बल्ब फार लखकन विझतात, त्याने विचार तुटतो, असं निघालं. बाराव्या हारीनंतर त्याने दिगंबरला खाली बोलावलं. दिगंबर यंत्रासमोर बसला आणि अजिबात वेळ न लावता हरला.

"बघ," मनोहर म्हणाला. "तुला हरवतं, म्हणजे चालतं नीट. मला हरवतं, म्हणजे मध्येच कुठेतरी चुकतं. रिले अडकतोय."

"हो साहेब, अडकत असणार," दिगंबर म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

मनोहरने स्क्रू ड्रायव्हर घेतला. तीन रिले काढून त्याने टेबलावर ठेवले. शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी, अजून दुकानं उघडी असतील, जाऊन नवे कोरे घेऊन येतो म्हणाला. शकुन खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. भंगार ते भंगार, पोरीच्या कानावर विसंबून चूक झाली, हेही तो म्हणाला. रागाने नाही. समजुतीनेच.

"पुढच्या वेळी चांदनीत मी एकटाच जाईन, वृंदा. आणि ती पाटी तूर्त राहू दे."

 वृंदाने टेबलावरचा पहिला रिले उचलला, पट्टी दाबली, कानाशी धरला. मग दुसरा. तिसऱ्याची टिक इतकी स्वच्छ आली की ती खिडकीपाशी शकुनलाही ऐकू गेली.

वृंदाने बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग रिले खाली ठेवला.

"हो बाबा," ती म्हणाली. "हा घोगराच आहे. मला तेव्हा कळलं नाही."

शकुनचा हात तांदळात थांबला. सूप बाजूला ठेवून ती उठली. तिने मनोहरच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, तिन्ही रिले ओंजळीत उचलले आणि वृंदाच्या हातात दिले. दिगंबर एका चपलेवर दारातच उभा राहिला.

"रिले चांगले आहेत," शकुन म्हणाली. "एकूण एक. तुम्हाला जिंकू द्यायचं असतं, हे त्या खोक्याला कुणी सांगितलेलं नाही."