दुसऱ्या हाताचं रक्त

"एकच बाटली? दुसऱ्या हाताचं रक्त कुठंय, ऋजुता?" लॅबच्या ढवळे मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. काचेवर जांभळ्या जंतूंचे द्राक्षांसारखे घोस दिसत होते. "हे कातडीवरही असतात, सुईबरोबर बाटलीत येतात, बाई! दोन्ही हातांच्या रक्तात वाढले, तरच आजार त्यांचा म्हणायचा. आता औषध कशाच्या जोरावर सुरू करायचं?"

ऋजुताचा चेहरा खर्रकन उतरला. परवा तापानं फणफणलेली तान्ही पोर सुई टोचताच कळवळली, तेव्हा आईनं हातच जोडले होते. "ताई, पुरे हो!" नव्यानंच डॉक्टर झालेल्या ऋजुताला दया आली आणि दुसरा हात राहिला.

ती सिरिंज घेऊन वॉर्डाकडे धावली. पोर रडतही नव्हती. आईनं स्वतःच तिचा गार पडलेला इवला हात पुढे केला.

"घ्या ताई, हवं तेवढं घ्या."

ऋजुताला शीरच सापडेना.