आधी बेणं बघावं

"हलंनात की हे!" डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रतनसिंग पुटपुटला.

आपल्याच वीर्यातले जीव असे काचेवर बघायला मिळतील, हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं. लाज केव्हाच पळाली होती, नवल तेवढं उरलं होतं. दोन-चार कुठे वळवळत होते, बाकीचे आडवे.

हिंगोली नवा जिल्हा झाला त्या सालची ही गोष्ट. लग्नाला वर्षं लोटली तरी पाळणा हलला नव्हता. बायकोच्या, शिलाच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या. तरी याडी, म्हणजे त्याची आई भिकाबाई, हटूनच बसली होती. शिलाचीच धाकटी बहीण पुजा सवत म्हणून आणायची! उद्या मागणी घालायला निघायचं ठरलं, तेव्हा शिला फणकारली, "हळद उगवली न्हाई तर आधी बेणं बघता. मंग दवाखान्यात मी एकलीच काहून?" तसाच रतनसिंग दवाखान्यात आला.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"हळद शिजवतो. भट्टीपाशी." बिडीचं सांगायची गरजच नव्हती, अंगाला वास येत होता.

"लोखंड गंजतं ना? तसंच काहीसं आत होतं. आच, धूर, बिडी, यांनी ते वाढतं आणि हे जीव मरगळतात. भट्टी आणि बिडी सोडा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघू. हमी देत नाही, पण पुष्कळदा फरक पडतो."

"नुसत्या आचेनं बी?" रतनसिंगने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. त्याच्यासारखी हळद आसपास कुणी शिजवत नव्हतं. जिच्यामुळे नाव झालं, त्या भट्टीनेच घात केला म्हणायचा!

तांड्यावर पोचताच त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं, "याडी, खोट माझ्यात हाय. भट्टीची आच अन् बिडी. पुजाला मागायचं न्हाई."

शिला दारातच थबकली. आता म्हातारी डॉक्टरांचा उद्धार करणार, असं दोघांनाही वाटलं.

"तुझा बा बी भट्टीवरच असायचा," भिकाबाई म्हणाली. "थोरलीला लेकरू व्हईना, वांझ म्हणून हाकलली अन् मला आणली. मला बी व्हईना. मंग तुझ्या बाचा पाय मोडला. वरीसभर भट्टीकडं गेला न्हाई, अन् तू पोटात ऱ्हायलास."

तिने लेकाकडे पाहिलं.

"मंग थोरलीला आमी काहून हाकललं रे?"