पैकीच्या पैकी

वक्तृत्वाच्या सरांची छडी नववीतल्या एका पोरीच्या तळहातावर मोडली, तेव्हा नवी छडी सुतारकामाच्या तासाला तिलाच करायला लावली. तिनं रंधा मारून, पॉलिश पेपरनं घासून ती गुळगुळीत केली.

स्पर्धेसाठी तिचं भाषण होतं 'मुलांना मारू नका'. लिहिलं होतं सरांनीच, आणि विसरलेल्या प्रत्येक वाक्याला एक छडी ठरलेली.

स्पर्धेत पोरगी शेवटच्या वाक्याला अडली आणि सवयीनं तिनं पहिल्या रांगेतल्या सरांसमोर तळहात पुढे केला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

"वळ काय हुबेहूब रंगवलेत!" म्हणत परीक्षकांनी हावभावाला पैकीच्या पैकी गुण दिले.

सर तिच्या कानाशी वाकले.



"शनिवारी अंतिम फेरी आहे. शुक्रवारी सरावाला ये, वळ ताजे दिसले पाहिजेत."