संभाव्य चूक

"बाई, भिंतीच्या पोटात पाइप सडलाय, हे फोडल्याशिवाय मला तरी कसं दिसणार? सहा हजार वाढतील," मिस्त्री म्हणाला.

कुसुरकरबाईंनी फाइलमधून त्याचं कोटेशन काढलं. "बेचाळीस हजार. खाली सही तुमची. मी होकार दिला तेव्हाच हा करार झाला."

"अहो, तो अंदाज होता."

"मग तसं लिहायचं होतं."

कायद्याने बाईंचंच बरोबर होतं. मिस्त्रीने पदरमोड करून पाइप बदलला, न्हाणीघर चकचकीत करून दिलं आणि चहा न घेताच गेला. वीस वर्षं बाईंच्या गळक्या नळांचे वॉशर तो फुकट बदलत आला होता. यंदा नळ गळू लागला तेव्हा फोनवर म्हणाला, "दुसरा कुणी बघा, बाई."

नळाखाली बादली ठेवून बाई ते कोटेशन पुन्हा वाचत बसल्या. तीस वर्षं त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. मोजमापापुढे ‘इतकं कमी-जास्त’ अशी संभाव्य चूक लिहिली नसेल, तर त्या जर्नल परत करत. ती लिहून आणायची दुसरी संधी मात्र त्यांनी एकूणएक विद्यार्थ्याला दिली होती.