हिरवा चुडा

कासाराच्या पायरीवर बसून ताई लग्नाचा चुडा भरून घेत होती, तेव्हा मी तिच्या हातांचा फोटो काढला. अर्थात कृष्णधवल. रस्त्यावरचे फोटो काढताना माझे गुरू बोरगावे सर रंगाला शिवत नाहीत, म्हणून मीही नाही.

फोटो बघून आईचा पारा चढला. "लग्नाच्या पोरीचा चुडा काळा? अभद्र कुठला!"

दुसऱ्या दिवशी बघतो तर तिने एकेक बांगडी हिरव्या नेलपॉलिशने रंगवून फोटो दारात टांगलेला. मी काढून ठेवला, तिने पुन्हा टांगला. लग्नाला सर यायचे होते.

सर त्या फोटोसमोर बराच वेळ थांबले. "तुझे सगळे फोटो मीच काढल्यासारखे वाटतात. हा नाही. हिरवा रंग कसा काय सुचला रे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "त्यात सुचायचंय काय? चुडा हिरवाच असतो."